इंजिन बदला, पत्रा कापू नका

‘सुपर मीटिऑर’ हे नाव आज रॉयल एनफिल्डच्या साडेसहाशे सीसीच्या मोटरसायकलीमुळे आपल्याकडच्या पोरांना तोंडपाठ आहे. याच नावाच्या जुन्या, ६९२ सीसीच्या मोटरसायकलीचं इंजिन १९५९ मध्ये इंग्लंडमधल्या एका स्पोर्ट्‌स कारच्या नाकात बसलं होतं. हा कुणा हौशी मिस्त्रीचा उद्योग नव्हता, कारखान्यानेच ती गाडी तशी विकायला काढली होती. बेडफर्डशरमधल्या बिगल्सवेड या गावी कॅराव्हॅन बांधणारी बर्कली नावाची कंपनी १९५६ पासून फायबरग्लासच्या चिमुकल्या दोन आसनी गाड्या करत होती. लॉरी बॉन्ड यांनी आखलेल्या या गाड्यांना आधी अँझानी आणि एक्सेलसिअर या कंपन्यांची टू-स्ट्रोक इंजिनं असत. ती अपुरी वाटू लागली तेव्हा एनफिल्डचं दोन सिलिंडरचं इंजिन आणलं गेलं. ते उंच निघालं म्हणून बॉनेट उचलावं लागलं, चेनने पुढची चाकं फिरू लागली आणि गाडीला नाव मिळालं बी-९५. १९६० च्या अखेरीस कंपनीचं दिवाळं वाजलं. पण आज ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात एखादी बी-९५ आली, तर माणसं तिच्याभोवती कौतुकाने गोळा होतात.

त्याच मेळाव्यात शेजारी यामाहाचं इंजिन बसवलेली ऑस्टिन-हीली स्प्राइट उभी असेल, तर तिच्याभोवती भांडण होतं.

ब्रिटनमध्ये गेली पंचवीस-तीस वर्षं हा छंद चांगलाच रुजला आहे. अपघातात गेलेल्या मोटरसायकलीचं इंजिन भंगारातून मिळवायचं आणि स्प्राइट, एमजी मिजेट, जुनी मिनी, फियाट ५०० किंवा लोटस सेव्हनच्या घराण्यातली एखादी उघडी गाडी पकडून तिच्यात बसवायचं. मूळ रूपाचा आग्रह धरणाऱ्यांच्या मते त्यामुळे गाडी बाटते. बसवणाऱ्यांच्या मते साठ वर्षांपूर्वीच्या बिडाच्या इंजिनाची पूजा करत बसण्यात काही अर्थ नाही. आवाज दोघांचाही मोठा, आणि दोघंही इंजिनाकडेच बोट दाखवत असतात. खरं बघायला हवं ते त्याच्याभोवतीच्या पत्र्याकडे. जुनी गाडी इंजिन बदलल्याने संपत नाही, ते बसवण्यासाठी तिचा सांगाडा कापला की संपते.

आधी हा मोह का होतो ते समजून घ्यायला हवं. स्प्राइटचंच उदाहरण घेऊ. डोनाल्ड हीली यांनी आखलेली ही गाडी मे १९५८ मध्ये लोकांसमोर आली. इंजिन ९४८ सीसीचं, अश्वशक्ती ४३, वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास. ताशी शून्यापासून साठ मैलांपर्यंत जायला तिला वीस सेकंद लागत. आज साधी हॅचबॅक यापेक्षा लवकर पळते. तरीही स्प्राइट खपली, कारण ती स्वस्त होती, जमिनीलगत बसवायची आणि वळणावर अशी काही फिरायची की चाळीस मैलांचा वेगही ऐंशीचा वाटावा.

आता तिच्याशेजारी १९९८ मध्ये आलेल्या यामाहा आर-१ चं इंजिन ठेवा. ९९८ सीसीतून दीडशे अश्वशक्ती. क्लच आणि सहा गिअरचा डबा त्याच कवचात, आणि सगळ्याचं मिळून वजन साठ-सत्तर किलो. स्प्राइटचं बिडाचं इंजिन गिअरबॉक्ससकट याच्या दुप्पट जड भरतं. म्हणजे नाकावरचा भार निम्म्यावर येतो आणि ताकद तिपटीवर जाते. हे आकडे पाहून ज्या मेकॅनिकचे हात शिवशिवणार नाहीत, त्याने हा धंदा सोडून द्यावा.

राहिला अस्सलपणाचा मुद्दा. स्वस्त, हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत तो जरा अवघडच आहे, कारण या गाड्या मुळात उसनवारीवर जन्मल्या. स्प्राइटचं इंजिन ऑस्टिन ए-३५ या घरगुती छोट्या मोटारीतून आलं, स्टिअरिंग मॉरिस मायनरमधून. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये काढलेल्या लोटस सेव्हनमध्ये सुरुवातीला फोर्डचं ११७२ सीसीचं जुनाट साइड-व्हॉल्व्ह इंजिन असे. तयार गाडीवर तेव्हा खरेदी-कर लागायचा, सुट्या भागांवर लागत नसे. म्हणून सेव्हन खोक्यांतून विकली जाई आणि गिऱ्हाईक घरच्या गॅरेजमध्ये ती जोडून घेई. ज्या गाडीचा जन्मच मालकाच्या हातून, परवडेल ते इंजिन घालून व्हायचा, तिच्या बाबतीत कारखान्याचं मूळ रूप कुठे शोधायचं?

मोटरसायकलीच्या इंजिनाला परकं मानणाऱ्यांनी तर कूपर बापलेकांची गोष्ट वाचायलाच हवी. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटनमध्ये पेट्रोल रेशनवर होतं आणि खिशात पैसा नव्हता. शर्यतीची हौस मात्र शिल्लक होती. चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन यांचं सर्बिटनला गॅरेज होतं. १९४६ मध्ये त्यांनी फियाट टोपोलिनोच्या दोन गाड्यांचे पुढचे भाग घेतले, पाठीला पाठ लावून जोडले आणि त्यात जेएपीचं ५०० सीसीचं, एका सिलिंडरचं मोटरसायकल इंजिन बसवलं. हे इंजिन चेनने चाक फिरवणारं. चेन लांब ठेवून चालत नाही, त्यामुळे इंजिन मागच्या चाकांजवळ, म्हणजे चालकाच्या पाठीमागे जाऊन बसलं. त्यामागे कोणताही थोर सिद्धांत नव्हता, सोय होती.

पण गाडी अशी काही वळू लागली की बघणाऱ्यांचे डोळे उघडले. १९४८ मध्ये अठरा वर्षांच्या स्टर्लिंग मॉसने कूपर ५०० घेतली आणि तिथून त्याची कारकीर्द सुरू झाली. १९५० मध्ये या पाचशे सीसीच्या गाड्यांना फॉर्म्युला थ्री म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. पुढे कूपरने तीच मांडणी मोठ्या इंजिनासाठी वापरली. जानेवारी १९५८ मध्ये मॉसने मागे इंजिन असलेल्या कूपरमधून अर्जेंटिनाची ग्रां प्री जिंकली, आणि १९५९ व १९६० अशी लागोपाठ दोन वर्षं जॅक ब्रॅबहॅम कूपरच्याच गाडीतून विश्वविजेता झाला. त्यानंतर पुढे इंजिन असलेली फॉर्म्युला वन गाडी इतिहासजमा झाली. आज फॉर्म्युला वनमध्ये धावणाऱ्या प्रत्येक गाडीचं इंजिन चालकाच्या मागे असतं, आणि त्या वंशावळीच्या मुळाशी एक चेन आहे, मोटरसायकलीची.

या शर्यतींचं एक उपकथानक तर फारच गमतीदार आहे. जेएपीपेक्षा नॉर्टन मॅन्क्सचं इंजिन सरस होतं, पण नॉर्टन ते सुटं विकायला तयार नव्हती. मग शर्यतवाले अख्खी मोटरसायकल विकत घेत, इंजिन काढून मोटारीत घालत आणि उरलेला सांगाडा विकून टाकत. नॉर्टनची ही ‘फेदरबेड’ फ्रेम त्या काळातली सगळ्यात उत्तम मानली जायची. पोरांनी त्या रिकाम्या फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन घातलं आणि ‘ट्रायटन’ नावाची मोटरसायकल उभी राहिली. ब्रिटनच्या कॅफे रेसर संस्कृतीचं ती आजही दैवत आहे. एका अदलाबदलीतून दुसरी निघाली, आणि दोन्हींना आज अभिजात म्हणतात!

नॉर्टनचीच आणखी एक हकीकत. टोनी वँडरवेल या उद्योजकाने इटालियन गाड्यांना हरवायचा चंग बांधला होता. त्याच्या व्हॅनवॉल गाडीचं चार सिलिंडरचं इंजिन नॉर्टन मॅन्क्सच्या रचनेवरून घडवलं होतं, जणू चार मॅन्क्स ओळीने उभ्या केलेल्या. १९५८ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उत्पादकांसाठीचा किताब पहिल्यांदाच दिला गेला, तो व्हॅनवॉलने नेला. तिकडे जपानमध्ये मोटरसायकलींवर नाव कमावलेल्या होंडाने १९६३ मध्ये मोटारी काढल्या, तेव्हा एस-५०० या छोट्या स्पोर्ट्‌स कारच्या मागच्या दोन्ही चाकांना चेनने गती दिली. पुढच्या वर्षी आलेल्या एस-६०० चं ६०६ सीसीचं इंजिन मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्यांना पूर्ण ताकद देई. मॉर्गनची तीनचाकी तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मोटरसायकलीच्या इंजिनावर धावली, आणि २०११ मध्ये ती पुन्हा बाजारात आली तीही अमेरिकन व्ही-ट्विन इंजिन नाकावर मिरवत. सोवळं पाळायचंच तर ते सुरू कुठून करायचं?

एवढं सांगून झाल्यावर दुसऱ्या बाजूलाही चार शब्द सुनवायला हवेत. मोटरसायकलीचं इंजिन मोटारीत ‘नुसतं बसतं’ असं सांगणाऱ्याने ते कधी बसवलेलं नसतं.

पहिली अडचण तेलाची, आणि ती भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. मोटरसायकल वळताना आत झुकते. त्यामुळे गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा बाहेर ओढणारा जोर यांची बेरीज थेट इंजिनाच्या तळाकडे जाते आणि तेल चेंबरच्या बुडाशी गपगुमान राहतं. मोटार झुकत नाही. पाण्याने भरलेली परात घेऊन जिन्याच्या वळणावर गर्रकन फिरावं तसं होतं. हलकी गाडी चांगल्या टायरांवर जोरात वळली की हा आडवा जोर गुरुत्वाकर्षणाइतका होऊ शकतो, म्हणजे चेंबरमधल्या तेलाचा पृष्ठभाग पंचेचाळीस अंशांनी कलतो. तेल एका बाजूला चढतं, ते खेचणाऱ्या नळीचं तोंड उघडं पडतं आणि पंप हवा ओढू लागतो. दहा हजार फेऱ्यांनी फिरणाऱ्या क्रँकच्या बेअरिंगला क्षणभरही तेल मिळालं नाही तर काय होतं, ते सांगायला नको. पहिल्या वळणावर काही कळत नाही, दहाव्यावर इंजिन जाम होतं. यावर उपाय आहेत. आत आडव्या पट्ट्या आणि झडपा घातलेला उथळ चेंबर करून घेता येतो, दाबाखाली तेल साठवणारी टाकी लावता येते, किंवा तेल बाहेरच्या टाकीत ठेवणारी ड्राय संप पद्धत बसवता येते. पैकी एकही फुकट होत नाही.

दुसरी अडचण रिव्हर्सची. आर-१ ला रिव्हर्स गिअर नाही, कारण मोटरसायकल पायाने मागे ढकलता येते. ब्रिटनमध्ये वाहनचालक परवान्याच्या चाचणीत गाडी मागे घ्यायला लावतात आणि भारतातल्या पार्किंगमध्ये तर तोच मुख्य गिअर आहे. मग प्रोपेलर शाफ्टच्या वाटेत रिव्हर्सचा वेगळा डबा बसवतात, किंवा एखादी इलेक्ट्रिक मोटर लावतात. आधी वाचवलेल्या वजनातले काही किलो तिथे परत जातात.

तिसरी गोष्ट आकड्यांच्या आड लपलेली. मिजेटच्या पुढच्या आवृत्तीतलं १२७५ सीसीचं इंजिन सुमारे ९८ न्यूटन-मीटर टॉर्क देतं, तेही तीन हजार फेऱ्यांना. आर-१ चा कमाल टॉर्क १०८, म्हणजे फारसा जास्त नाहीच, आणि तो मिळतो साडेआठ हजार फेऱ्यांना. खाली जीव नसतो. त्यात मोटरसायकलीचा पहिला गिअर लांब असतो, कारण त्याला सगळं मिळून अडीचशे किलो हलवायचे असतात. तेच काम साडेसहाशे किलोंच्या गाडीत, चढावर, सिग्नलवर करायचं तर क्लच सोडताना इंजिन किंचाळत ठेवावं लागतं आणि क्लच प्लेटा जळतात. सिग्नलवर न्यूट्रल शोधणं हा तर वेगळाच छळ, कारण तो पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये कुठेतरी दडलेला असतो. म्हणूनच गावातून दूध-भाजी आणायला निघालेल्या माणसाला ही गाडी शिव्या घालायला लावते. मोकळ्या डोंगरी रस्त्यावर आणि ट्रॅकवर मात्र तिच्यासारखं दुसरं काही नाही. लिव्हर नुसता मागे ओढायचा, क्लचला पाय न लावता गिअर पडतो.

जिथे गाडी पहिल्यापासून या इंजिनासाठी आखली जाते, तिथे हा जोडा अफाट काम करतो. वेस्टफील्डने सुझुकी हायाबुसाचं १२९८ सीसीचं इंजिन घालून ‘मेगाबुसा’ काढली. हे तेच इंजिन, जे २००४ च्या ‘धूम’नंतर आपल्याकडे लहान मुलांनाही नावाने कळू लागलं. लोटस सेव्हनचे हक्क १९७३ मध्ये घेणाऱ्या कॅटरहॅमने होंडा ब्लॅकबर्डच्या इंजिनाची सेव्हन करून पाहिली. १९९७ मध्ये पीटरबरोला सुरू झालेल्या रॅडिकल कंपनीने तर सगळा डोलारा मोटरसायकलीच्या इंजिनावर उभा केला, आणि पुढे हायाबुसाच्या रचनेतून व्ही-८ इंजिन घडवलं. २००९ मध्ये त्या एसआर-८ ने मायकल व्हेर्गर्सच्या हातून न्युर्बुर्गरिंगची वीस किलोमीटरहून लांब फेरी ६ मिनिटं ४८ सेकंदांत मारली. वजन कमी असेल तर छोटं इंजिन काय करतं, याचा याहून सणसणीत पुरावा नको.

म्हणजे इंजिन दोषी नाही. मग दोष कुठे शिरतो? करवतीत.

सेव्हनला नळ्यांचा सांगाडा असतो. दोन ब्रॅकेट वेल्ड करून इंजिन बसतं आणि उद्या काढूनही टाकता येतं. स्प्राइटचं तसं नाही. तिला वेगळी चासी नाही, पत्र्याचं कवच हाच तिचा कणा. दोन आसनांमधून जाणारा गिअरबॉक्सचा बोगदा ही नुसती झाकणी नसून गाडीला पीळ पडू न देणारा मुख्य भाग आहे. मोटरसायकलीच्या इंजिनाचा बाहेर पडणारा शाफ्ट मधोमध नसतो, एका बाजूला असतो. त्याला वाट करून द्यायची म्हणून कुणी बोगदा कापतो, कुणी पुढची आडवी पट्टी उडवतो, कुणी डॅशच्या मागची भिंत. त्यावर दीडशे अश्वशक्ती, आणि ब्रेक मात्र त्रेचाळीस अश्वशक्तीच्या काळातले ड्रम. अशी गाडी मूळ रूपात परत आणता येत नाही आणि नव्या रूपात भरवशाची राहत नाही. पाच वर्षांनी हौस फिटते, गाडी अर्धवट अवस्थेत विकायला निघते आणि मूळ इंजिन कधीच भंगारात गेलेलं असतं. या छंदाची खरी बदनामी अशाच गाड्यांनी केली आहे.

उलट ज्यांना हे काम कळतं ते वेगळ्या पद्धतीने जातात. मूळ माउंटिंगच्या भोकांनाच पकडणारी उपचौकट बनवतात, पत्र्याला हात लावत नाहीत, काढलेलं इंजिन तेल घालून, गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवतात आणि प्रत्येक बदलाचा फोटो काढून वही ठेवतात. पुढच्या मालकाला एका शनिवार-रविवारात गाडी पूर्ववत करता आली पाहिजे, ही त्यांची कसोटी. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा हिची ट्यूरिन सनदही बदल शक्यतो उलटवता यावेत आणि त्यांची नोंद राहावी, याच बाजूने झुकते. मात्र एक मर्यादा आणखी हवी. स्प्राइटच्या पहिल्या आवृत्तीच्याच जवळपास ४९ हजार गाड्या बनल्या, तिथे गंजून कोपऱ्यात पडलेल्या एखादीवर प्रयोग झाला तर इतिहासाचं काही बिघडत नाही. ज्या गाड्यांची संख्या बोटांवर मोजण्याएवढीच उरली आहे, त्यांना स्पॅनर लावायचाच नाही.

गंमत अशी की ब्रिटनच्या परवाना कार्यालयाने हा विवेक अनेक वर्षं गुणपद्धतीत मांडून ठेवला होता. बदललेल्या गाडीला जुनी ओळख टिकवायची तर आठ गुण हवे असत. मूळ चासी किंवा अखंड कवच शाबूत असेल तर पाच गुण. सस्पेन्शन, अॅक्सल, स्टिअरिंग आणि गिअरबॉक्स यांना प्रत्येकी दोन. आणि इंजिनाला? एक. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही गेले तरी बाकीचे मिळून अकरा गुण होत आणि गाडीचा जुना नंबर राही. कवच कापलं की मात्र ते पाच गुण हातचे जात, गाडीला व्यक्तिगत तपासणीला सामोरं जावं लागे आणि तिची मूळ ओळख पुसणारी ‘क्यू’ अक्षराची पाटी मिळे. मे २०१८ पासून तिथे चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट आहे, पण मुळात ठोस बदल झाला असेल तर ती सूट नाही. मोटरसायकलीचं इंजिन घातलंत तर दरवर्षी तपासणीला या, एवढंच तिथला कायदा सांगतो. हे वाजवी आहे.

आपल्याकडे काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ ठामपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवले. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ मालिकेची स्वतंत्र नोंदणी आणली. स्वागतच करावं असं ते पाऊल होतं, पण चासी, कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेली गाडी त्यात बसत नाही. हेही योग्यच. आपल्या देशात अस्सल जुन्या स्पोर्ट्‌स कार इतक्या थोड्या आहेत की ज्याच्याकडे आहे त्याने ती तशीच जपावी. मुंबई-पुण्याच्या व्हिंटेज रॅलीत हायाबुसाच्या आवाजाची एमजी पाहायची कुणाला हौस असेल तर ती हौस अपुरीच राहू द्यावी.

प्रश्न त्यापुढचा आहे. नवी, हलकी, हाताने बांधलेली गाडी इथे कायद्याने रस्त्यावर येऊच शकत नाही का? इंजिन बदलण्याची कला आपल्याला नवी नाही. पेट्रोल महाग पडतं म्हणून बुलेटमध्ये डिझेल इंजिन बसवणारे मिस्त्री गावोगाव होते, आणि एनफिल्डने स्वतःच ग्रीव्ह्‌ज-लोंबार्डिनीचं ३२५ सीसीचं डिझेल इंजिन घालून ‘टॉरस’ विकली होती. आज फॉर्म्युला भारत आणि सुप्रा एसएई इंडिया या स्पर्धांसाठी अभियांत्रिकीची मुलं वर्षभर खपून नळ्यांचा सांगाडा वेल्ड करतात आणि त्यात मोटरसायकलीचं इंजिन बसवतात, अनेकदा चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० चं. तेलाचा चेंबर, चेनचा ताण, क्लचची ताकद, अशा अडचणी या मुलांनी विशीत सोडवलेल्या असतात. स्पर्धा संपली की गाडी टेम्पोत चढते आणि कॉलेजच्या शेडमध्ये धूळ खाते. तिला रस्त्याचा दरवाजा नाही.

परिवहन खात्याची भीती निराधार नाही. चोरीच्या गाड्यांचे इंजिन नंबर बदलणारे आहेत, सायलेन्सर फोडून रात्री गल्ल्या दणाणून सोडणारे आहेत आणि त्यांना आवरायलाच हवं. पण सरसकट बंदीने ते थांबलेले नाहीत. जो रीतसर अर्ज घेऊन येणार होता, तोच थांबला आहे. शिवाय बदल तपासून मान्य करण्याची रीत याच कायद्यात आहे. सीएनजीचं मान्यताप्राप्त किट बसवता येतं. पेट्रोल इंजिन पूर्ण काढून मान्यताप्राप्त इलेक्ट्रिक किटही बसवता येतं, आणि आरटीओ आरसीवर तशी नोंद करतं. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत फेरफार करायलाही वाट आहे. म्हणजे आख्खं इंजिन बदलणं यंत्रणेला झेपतं. ते एका माणसाच्या, एका गाडीसाठी तपासण्याची सोय तेवढी नाही.

ती करण्यासाठी नवी संस्था उभारायची गरज नाही. पुण्याची एआरएआय १९६६ पासून वाहनांच्या चाचण्या घेते आहे. ब्रेक, धूर, आवाज, सीटबेल्टची पकड, दिवे, स्टिअरिंग, सगळं मोजणारी यंत्रं आणि माणसं तिथे आहेत. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने हाताने बांधलेल्या किंवा इंजिन बदललेल्या एकेका गाडीसाठी तिथे व्यक्तिगत तपासणीची सोय करावी. शुल्क खुशाल भरभक्कम ठेवावं, वर्षाला मोजक्याच गाड्या घ्याव्यात, त्यांना ओळखू येईल अशी वेगळी नंबर मालिका द्यावी, दरवर्षी फेरतपासणी सक्तीची करावी आणि इंजिन कुठून आलं याचा कागद मागावा. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्या मात्र या वाटेपासून दूरच ठेवाव्यात. आणि सुरुवात महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांपासून करावी.